लांब पल्ल्याचे तेल-हल्ले : चार तक्ते आणि हिशेबाची एक शीट (प्रकल्प नोंदी)

काम काय आहे: केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी भिंतीवर लावायचे चार मोठे तक्ते आणि त्यांच्या जोडीला एक एक्सेल शीट. विषय, युद्धकाळात (मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात) शेकडो-हजारो किलोमीटर उडून जाऊन तेल शुद्धीकरण कारखान्यांवर केलेले हवाई हल्ले. नकाशे आणि अंतरं भाचीकडे. ती भूगोलाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कारखान्याच्या कुंपणाच्या आतलं सगळं माझ्याकडे. शटडाऊन प्लॅनिंगमध्ये नोकरी गेली, त्यामुळे ‘युनिट बंद पडलं तर किती दिवस’ हा प्रश्न मला झोपेतही पडतो. विमानवाल्यांच्या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. खाली ज्या फिटरनं दुसऱ्या दिवशी पाना उचलला, त्याच्या बाजूनं कुणी फारसं पाहत नाही.

१४ जून

कोणते हल्ले घ्यायचे हे ठरवलं. मुख्य दोन ठिकाणं: रुमानियातलं प्लोएश्ती आणि सुमात्रातलं पालेंबांग. प्लोएश्ती म्हणजे अक्ष राष्ट्रांच्या तेलाचा सुमारे ३० टक्के वाटा. पालेंबांगला प्लाजू आणि सुंगेई गेरोंग असे दोन कारखाने, नदीकाठी, एकमेकांच्या शेजारी. १९४२ मध्ये जपाननं ते घेतले आणि त्यांच्या विमानांचं पेट्रोल मोठ्या प्रमाणात तिथून यायला लागलं.

तोंडी लावायला एक जुना हल्ला: १९ ऑक्टोबर १९४०, इटलीची चार विमानं, बहारीन. आणि बोर्निओतलं बालिकपापन, तेही एका ओळीत.

भाचीचा पहिलाच प्रश्न, “मामा, शेवटी आजचं काही घेणार की नाही?” नंतर बघू म्हटलं.

१७ जून

अंतरं आली. तिनं पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ रेषेत मोजून दिली आहेत.

बेनगाझी ते प्लोएश्ती: सुमारे १,५०० किमी.
फोज्जा (इटली) ते प्लोएश्ती: सुमारे ९३० किमी.
त्रिंकोमाली ते पालेंबांग: सुमारे २,९०० किमी.
डार्विन ते बालिकपापन: सुमारे २,००० किमी.
ऱ्होड्स ते बहारीन: सुमारे २,४०० किमी.

सरळ रेषेत कुणीच उडत नाही. बेनगाझीची विमानं आधी भूमध्य समुद्रावरून कॉर्फू बेटापर्यंत गेली, मग पिंडस डोंगर, मग डॅन्यूब. जाऊन येऊन ३,८०० किमीच्या पुढे. त्रिंकोमालीवाल्यांची फेरी ६,२०० किमीची. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत, आणि ते दोनदा, तरी अंतर पुरं होत नाही. तेही न उतरता, रात्री, खाली हिंदी महासागर.

इटालियनांचं गणित बघून मी थोडा वेळ थबकलो. ऱ्होड्सहून बहारीन आणि परत ऱ्होड्स म्हणजे ४,८०० किमी. त्यांनी परतायचं नाहीच असं ठरवलं. बॉम्ब टाकून तसेच पुढे, सौदी वाळवंट आणि तांबडा समुद्र ओलांडून, एरिट्रियातल्या झुला इथे उतरले. तो त्या वेळी इटलीचा मुलूख. एकूण ४,१०० च्या आसपास. सातशे किलोमीटर असे वाचवले. नुकसान किरकोळ. चारपैकी एक विमान वाट चुकून समोरच्या किनाऱ्यावरच्या धाहरानवर बॉम्ब टाकून आलं. पण आखातातल्या तेलापर्यंत विमान पोहोचू शकतं, हे इंग्रजांना त्या रात्री कळलं आणि विमानविरोधी बंदोबस्ताची धावपळ सुरू झाली.

२१ जून

इंधनाची शीट. चारही तक्त्यांचा पाया हाच, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

प्लोएश्तीवरच्या १९४३ च्या हल्ल्यात अमेरिकेच्या बी-२४ या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानांच्या बॉम्बच्या कप्प्यात जादा टाक्या बसवल्या होत्या. एकूण पेट्रोल ३,१०० अमेरिकी गॅलन, म्हणजे ११,७०० लिटर. वजनात साधारण ८.४ टन. बॉम्ब सरासरी दोन टनांच्या आसपास. एक टन बॉम्ब पोहोचवायला चार टन पेट्रोल. १७७ विमानांचं मिळून २० लाख लिटर, तेरा हजार बॅरल, आणि हे साधं क्रूड (कच्चं तेल) नव्हे, शंभर ऑक्टेनचं विमानाचं पेट्रोल. तेलाचा कारखाना जाळायला आधी आपलं तेल जाळावं लागतं, ते असं.

बी-२९ या अमेरिकेच्या आणखी मोठ्या बॉम्बरचं उदाहरण याहून बोलकं आहे. या विमानाची क्षमता नऊ टन बॉम्बची. त्रिंकोमालीहून पालेंबांगला जाताना प्रत्येकात एक टन. बाकी सगळं पेट्रोल. वऱ्हाडाच्या बसमध्ये वऱ्हाडी दोन आणि उरलेल्या सीटवर डिझेलचे ड्रम, अशातली गत.

मुलांसाठी शीटमध्ये एकच आकडा बदलता येईल असं ठेवलं आहे: अंतर. ते वाढवत नेलं की बॉम्बची पट्टी आखडत जाते आणि एका ठिकाणी शून्य होते. भाचीनं तिथे लाल रंग टाकला. मी ‘परतीचा प्रवास हवा की नको’ असा एक पर्याय घालायला सांगितला. तो ‘नको’ केला की पट्टी एकदम लांबते. बहारीनवाले इटालियन तिथे बसतात, आणि १२ जून १९४२ चे अमेरिकनही. कर्नल हॅल्व्हर्सनची ती १३ बी-२४ विमानं मुळात चीनमधून जपानवर जायची होती. इजिप्तमध्ये थांबवून त्यांना प्लोएश्तीवर धाडलं आणि परत इजिप्तला न येता इराकमध्ये उतरा असं सांगितलं. चार विमानं तुर्कस्तानात उतरली आणि तुर्कांनी ती ठेवून घेतली. कारखान्यांना ओरखडादेखील नाही. मात्र हल्ल्याचा खरा फायदा जर्मनांना झाला: पुढे काय येणार आहे ते वर्षभर आधी समजलं.

२८ जून

तक्ता क्रमांक दोन, प्लोएश्ती, १ ऑगस्ट १९४३. रविवार. बेनगाझीच्या आसपासच्या धावपट्ट्यांवरून अमेरिकेचे पाच बॉम्बर गट निघाले. कर्नल जेकब स्मार्टची कल्पना अशी की उंचावरून न जाता झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, म्हणजे रडारला दिसणार नाही आणि नेम चुकणार नाही. लिबियाच्या वाळवंटात कारखान्यांचा आराखडा आखून त्यावर सराव केला होता.

नियोजनकर्त्यांचं एक मला मनापासून पटलं. त्यांनी ‘प्लोएश्ती’ असं एकच लक्ष्य ठरवलं नाही. शहराभोवती कारखाने होते, प्रत्येकाला वेगळं नाव दिलं, आणि प्रत्येकाच्या आत कोणत्या इमारतीवर कुणी जायचं तेही ठरवलं: बॉयलर हाऊस, डिस्टिलेशनची युनिटं, क्रॅकिंग प्लान्ट (जड तेल फोडून हलकं करणारा). टाक्यांचा क्रमांक मागे. माणूस कधी तरी रिफायनरीत वावरलेला असणार. टाकी पेटली की धूर वीस मैलांवरून दिसतो, फोटो झकास येतो; पण टाकी बाजूला काढून दुसऱ्या टाकीतून कारखाना चालवता येतो. वाफ गेली तर मात्र सगळं गेलं. पंप गेले, हीटर गेले, स्ट्रिपिंग गेलं, आगीवर मारायची वाफही गेली. आमच्याकडे बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की कंट्रोल रूममध्ये जी शांतता पसरायची, ती ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रत्यक्षात काय झालं ते बहुतेकांना माहीत असतं. तीन वळणांच्या खुणा एका ओळीत होत्या. फ्लोरेश्तीला वळायचं ते पुढचे दोन गट आधीच तिरगोव्हिश्तेला वळले आणि बुखारेस्टच्या दिशेनं निघाले. दुसऱ्या गटाच्या अॅडिसन बेकरला डावीकडे कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या आणि तो आदेशाविना तिकडे वळला. त्याचं विमान पेटलं तरी तो ओळ सोडून खाली उतरला नाही. तो वाचला नाही. मागून ठरल्या मार्गानं आलेले जॉन केन आणि लिऑन जॉन्सन यांचे गट पोहोचले तेव्हा त्यांची लक्ष्यं आधीच दुसऱ्यांनी पेटवलेली होती. धुरातून, ज्वाळांतून, वायरींमधून ते गेले. बाजूच्या रुळांवरून विमानविरोधी तोफा लावलेली रेल्वेगाडी धावत होती. फक्त कंपिना गावच्या कारखान्यावर पाठवलेला गट नेमका पोहोचला. त्यातल्या लॉइड ह्यूजच्या विमानाची टाकी फुटून पेट्रोलची धार लागलेली, तरी तो आगीवरून गेला.

१७७ पैकी ५० हून अधिक विमानं गेली. ३१० माणसं मेली. बेनगाझीला परतलेली ८८, त्यातली ५५ चाळण झालेली. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक पाच जणांना, एका हवाई कारवाईसाठी इतकी पुन्हा कधी दिली गेली नाहीत.

तक्त्यावर हे सगळं एक तृतीयांश जागेत बसवायचं आहे. भाचीला वळणाची चूक मोठी दाखवायची आहे, कारण नकाशा तिथे सुंदर दिसतो. मी म्हटलं, दाखव, पण उरलेली दोन तृतीयांश जागा मला २ ऑगस्टसाठी हवी.

५ जुलै

२ ऑगस्ट १९४३ आणि त्यानंतर.

हल्ल्यानंतरचा अंदाज: प्लोएश्तीची शुद्धीकरण क्षमता सुमारे ४२ टक्के घटली. हा आकडा वाचला की वाटतं, जवळपास अर्धं काम फत्ते. पण प्लान्टमधल्या माणसाचा पहिला प्रश्न वेगळा असतो: आधी किती टक्क्यांवर चालत होतं?

उत्तर असं की रुमानियात शुद्धीकरणाची क्षमता विहिरींतून निघणाऱ्या क्रूडपेक्षा बरीच जास्त होती. युनिटं रिकामी उभी होती. एका कारखान्याचा डिस्टिलेशनचा स्तंभ पडला तर शेजारच्याचा निष्क्रिय स्तंभ चालू करायचा. कागदावर क्षमता ४२ टक्क्यांनी गेली. टँकरमध्ये पडणारं तेल त्या मानानं फारच थोडं घटलं, आणि काही आठवड्यांत आधीच्या पातळीवर, किंबहुना तिच्याही वर गेलं.

यामागे एक माणूस होता, जर्मन हवाई दलाचा जनरल आल्फ्रेड गेर्स्टेनबर्ग. तोफा, विमानांना अडवायला पोलादी तारांनी बांधलेले फुगे, लढाऊ विमानं हे त्यानं केलंच. पण माझ्या दृष्टीनं त्याचं मोठं काम म्हणजे कारखान्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या पाइपलाइनी. एक युनिट बंद पडलं तर त्याचं क्रूड दुसरीकडे वळवता यावं. दुरुस्तीला मजुरांची फौज हाताशी ठेवलेली, त्यांत वेठीला धरलेले पुष्कळ. ज्याला आम्ही ‘बायपास’ आणि ‘क्रॉस-ओव्हर’ म्हणतो तेच, फक्त शहराच्या आकाराचं. तोफेच्या गोळीनं विमान पडतं ते सगळ्यांना दिसतं. जमिनीवरच्या दोन व्हॉल्व्हनी एवढ्या हल्ल्याचा परिणाम पुसून टाकला, ते कुणाच्या फोटोत येत नाही.

सगळे कारखाने सारखे सावरले नाहीत. कंपिनाचा स्टेआवा रोमाना युद्ध संपेपर्यंत उठला नाही. ब्राझीचा क्रेडिटुल मिनियेरही दीर्घकाळ आडवा. दोन्ही ठिकाणी साम्य एकच, बॉम्ब ठरवलेल्या इमारतींवर पडले होते. आणि रोमाना अमेरिकाना, म्हणजे अमेरिकन कंपनीनं बांधलेला कारखाना, त्याला त्या दिवशी धक्काही लागला नाही. तिथे जायचं ते विमान-गट भलत्या दिशेला होते. यावरून रुमानियात काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना करता येते.

तक्त्यासाठी निर्णय: ‘किती टन बॉम्ब टाकले’ हा रकाना काढला. त्याऐवजी तीन: किती क्षमतेला फटका बसला, त्यातली किती आधी वापरात होती, किती दिवस बंद.

९ जुलै

भाचीनं रंग बदलले. प्रिंटरवाल्यानं सांगितलं की काळ्यावर गडद निळा छपाईत बुडतो. समुद्र आता फिका.

१३ जुलै

पालेंबांग, भाग एक. १० ऑगस्ट १९४४.

बी-२९ हे नवंकोरं विमान. त्याचे तळ तेव्हाच्या बंगाल प्रांतात आणि आसपास: खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी. तिथून चीनमध्ये चेंगडूला जायचं आणि तिथून जपानवर. चीनमधल्या तळावर लागणारं प्रत्येक लिटर पेट्रोल हिमालयावरून विमानानंच न्यावं लागे. एका हल्ल्यासाठी आधी वाहतुकीच्या कित्येक फेऱ्या. त्या हिशेबानं पालेंबांगची मोहीम सोपी म्हणायची, कारण त्रिंकोमालीजवळच्या चायना बे विमानतळावर पेट्रोल निदान जहाजानं येत होतं. इंग्रजांनी त्या धावपट्टीची लांबी ७,२०० फुटांपर्यंत वाढवली.

५४ विमानं निघाली, ३९ पालेंबांगच्या परिसरात पोहोचली. उड्डाण एकोणीस तासांच्या घरात. वाटेत सुमात्राच्या पश्चिमेचं सिबेरुत बेट ही खूण. प्लाजूवर ढग, शहर अंधारात. ३१ विमानांनी कारखान्यावर बॉम्ब टाकले, काहींनी फक्त रडारच्या भरवशावर. नंतर नक्की उद्ध्वस्त झालेली म्हणून मोजता आली ती इमारत एक.

इथपर्यंत अपयशच. पण त्याच रात्री आठ विमानं ढगांच्या खाली उतरली आणि मुसी नदीत १६ पाणसुरुंग टाकून आली. बी-२९ नं सुरुंग टाकण्याची ती पहिली वेळ. त्या सुरुंगांनी तीन जहाजं बुडवली, दोन जायबंदी केली. पालेंबांगचं तेल समुद्राला याच नदीनं पोहोचायचं.

३१ विमानांनी एक इमारत, आठ विमानांनी पाच जहाजं. ही ओळ तक्त्यावर मोठ्या अक्षरांत जाणार. भाचीनं विचारलं, “पण हे ठरवून झालं की नशिबानं?” सुरुंगाची योजना आधीपासून होती, म्हणजे ठरवूनच. त्यातून एवढं निघेल अशी अपेक्षा कितपत होती तो भाग वेगळा. मुख्य मथळा तरी कारखान्याचाच होता.

१९ जुलै

एक छोटी नोंद, तक्त्यावर कोपऱ्यात जाईल. या बी-२९ दलाचं मुख्यालय खरगपूरला होतं आणि ते हिजलीच्या बंदिवासाच्या इमारतीत. हीच ती हिजली, जिथे १९३१ मध्ये राजबंद्यांवर गोळीबार झाला होता. त्याच वास्तूत १९५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. आमच्या मुलांपैकी कुणी तिथे पुढे शिकायला जाईल, त्याला ठाऊक असलेलं बरं की पालेंबांगचे नकाशे एके काळी याच भिंतींमध्ये पसरले होते.

२० जुलै

पालेंबांग, भाग दोन. जानेवारी १९४५.

इंग्रजांचा पॅसिफिक ताफा त्रिंकोमालीहून सिडनीला निघालेला. जाता जाता वाटेत पालेंबांग. रिअर अॅडमिरल फिलिप व्हायनच्या हाताखाली चार विमानवाहू जहाजं: इंडोमिटेबल, इलस्ट्रियस, व्हिक्टोरियस, इन्डिफॅटिगेबल. २४ जानेवारीला प्लाजू, २९ जानेवारीला सुंगेई गेरोंग. अंतराचा मोठा हिस्सा जहाजांनीच कापला. विमानांना सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यापासून बारिसान डोंगर ओलांडून पलीकडे जायचं होतं. दोन्ही दिवशी चाळिसाहून अधिक अॅव्हेंजर विमानं.

आता हिशेबाच्या शीटमधलं माझं सगळ्यात आवडतं निरीक्षण. अॅव्हेंजर हे एका इंजिनाचं, जहाजावरून उडणारं विमान. प्रत्येकात ५०० पौंडांचे चार बॉम्ब, म्हणजे २,००० पौंड. बी-२९ चार इंजिनांचं, त्या काळातलं सगळ्यात मोठं बॉम्बर विमान. ऑगस्टमध्ये प्रत्येकात एक टन, अमेरिकी टन, म्हणजे तेच २,००० पौंड! सहा महिन्यांपूर्वी राक्षसानं जेवढं वाहिलं तेवढंच आता त्याच्या पंखाखाली मावेल असल्या विमानानं वाहिलं, आणि तेही दिवसाढवळ्या, सूर मारून, नेम धरून. शीटमध्ये ३,००० किमी घाला आणि मग ३०० घाला; फरक डोळ्यांसमोर येतो.

परिणाम: प्लाजूचं उत्पादन निम्म्यावर, सुंगेई गेरोंग मार्चअखेरपर्यंत बंद. बंद-दिवसांच्या रकान्यात पालेंबांगची पहिली ठोस नोंद ही.

किंमत कमी नव्हती. कारखान्याभोवती फुगे सोडलेले होते, त्यांच्या पोलादी तारांतून विमानं गेली. काही तारांना अडकली. पकडलेले नऊ वैमानिक पुढे सिंगापूरमध्ये ठार मारले गेले.

२६ जुलै

नद्यांसाठी वेगळी पट्टी हवी हे आता नक्की. मुसीचं बघून डॅन्यूबकडे वळलो.

प्लोएश्तीचं तेल जर्मनीला दोन वाटांनी जाई, रेल्वे आणि डॅन्यूबवरचे बार्ज (मालाचे सपाट पडाव). ८ एप्रिल १९४४ ला रॉयल एअर फोर्सच्या वेलिंग्टन आणि लिबरेटर विमानांनी बेलग्रेडजवळ डॅन्यूबमध्ये ४० सुरुंग टाकले. त्यानंतर चांदण्या रात्री वरचेवर, पाण्यापासून अगदी कमी उंचीवरून. बार्ज बुडाले, त्याहून महत्त्वाचं म्हणजे बार्जवाले निघेनात. नदी साफ करायला जर्मनांना विमानं आणि माणसं लावावी लागली. तेल कारखान्यात तयार होऊन टाक्यांत बसलं.

आम्ही प्लान्टमध्ये याला ‘अलेज संपलं’ म्हणायचो: टाकीत वरची रिकामी जागाच उरली नाही. वर्षानुवर्षांचा अनुभव असा की रिफायनरी स्ट्राइकनं जेवढी बंद पडत नाही तेवढी जेटीवर जहाज न लागल्यानं पडते. उत्पादन टाकायला जागा नाही, मग युनिटचा फीड (आत जाणारं तेल) कमी करा, मग आणखी कमी करा, मग सर्क्युलेशनवर टाका, म्हणजे तेच तेल आतल्या आत फिरवत ठेवा. एकही स्तंभ न फुटता कारखाना थांबतो. आणि गेर्स्टेनबर्गच्या क्रॉस-ओव्हर पाइपा इथे काही कामाच्या नाहीत, कारण सगळ्या कारखान्यांचं तोंड शेवटी त्याच नदीकडे.

भाचीचा आक्षेप: “मग सगळं सुरुंगांवरच सोडायचं होतं ना, कारखान्यांवर माणसं कशाला मारली?” आक्षेप रास्त आहे, पण पुरा नाही. रेल्वे उरते. आणि नदी साफ करता येते, पडलेला डिस्टिलेशन कॉलम रातोरात उभा राहत नाही. दोन्ही एकत्र हवं. मात्र क्रम आणि वाटा यांबद्दल मी तिच्या बाजूनं आहे, आणि तक्त्यावर ते तसंच दिसेल.

२ ऑगस्ट

प्लोएश्ती १९४४. हे आटोपशीर ठेवतो.

इटलीतलं फोज्जा दोस्त राष्ट्रांच्या हाती आलं आणि अंतर १,५०० वरून ९३० वर आलं. ५ एप्रिल ते १९ ऑगस्ट, पुन्हा पुन्हा. १९४३ चा एक दिवस सगळ्यांच्या लक्षात, पण खरं काम या साडेचार महिन्यांत झालं. तेरा हजार टनांहून अधिक बॉम्ब. जर्मनांनी धुराची यंत्रं लावली, विमानं येण्याआधी शहर धुरात बुडवायचं. म्हणून १० जूनला लढाऊ पी-३८ विमानांना बॉम्ब लटकवून रोमाना अमेरिकानावर सूर मारायला पाठवलं. वीसहून जास्त पी-३८ परतली नाहीत.

एकदाच जोरात मारण्यापेक्षा दुरुस्ती होते न होते तोच परत मारणं, याला जवळचा तळ लागतो. दुरुस्तीवाल्यांचा वेग विरुद्ध पुढच्या हल्ल्याचा दिवस. बेनगाझीहून हे जमलंच नसतं. ऑगस्ट १९४३ नंतर त्यांच्याकडे परत पाठवायला तेवढी विमानं उरलीच नव्हती.

३० ऑगस्टला सोव्हिएत फौजा प्लोएश्तीत शिरल्या. रुमानियानं बाजू बदलल्यावर तिथले अमेरिकन युद्धकैदी विमानांनी इटलीला परत नेले, हजाराहून जास्त. त्याची सुरुवात मजेशीर आहे. रुमानियाचा नामवंत लढाऊ वैमानिक कॉन्स्टंटिन काँटाकुझिनो यानं आपल्या एका आसनी मेसरश्मिट लढाऊ विमानाच्या शेपटीच्या पोकळीत कर्नल जेम्स गन या कैद्याला कोंबलं, विमानावर अमेरिकी झेंडा रंगवला आणि थेट फोज्जाजवळ जाऊन उतरला. तक्त्यावर याला जागा नाही. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, जागा करू.

९ ऑगस्ट

आजचं घ्यायचं की नाही, यावर बराच वेळ गेला. माझा कल नाही म्हणण्याकडे होता. चालू युद्धातले दावे दोन्ही बाजूंचे, ताळा लागत नाही. शेवटी दोनच घेतले, तेही शीटमधल्या अंतराच्या गणितापुरते.

एक, १४ सप्टेंबर २०१९, सौदीतलं अबकैक, आणि जोडीला खुराइस. ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रं. दिवसाला ५७ लाख बॅरल, म्हणजे जगाच्या पुरवठ्याचा सुमारे ५ टक्के भाग, एका सकाळी थांबला. जबाबदारी येमेनच्या हूथींनी घेतली, सौदी आणि अमेरिकेनं इराणकडे बोट दाखवलं. फोटोत गोलाकार टाक्यांवर जवळपास एकाच जागी पडलेली भोकं दिसतात. १९४३ च्या नियोजनकर्त्यांना जे हवं होतं, बरोबर इमारत, बरोबर भिंत, ते इथे साधलं होतं. तरीही महिन्याच्या आत पुरवठा बऱ्यापैकी सावरला. साठे होते, सुटे भाग होते, दुरुस्तीला माणसं होती.

दोन, ९ मे २०२४, रशियातलं सलावात. युक्रेनचं ड्रोन सुमारे १,५०० किमी आत जाऊन तेल संकुलावर आदळलं. बेनगाझी ते प्लोएश्ती एवढंच हे अंतर. तेव्हा त्यासाठी दहा माणसांचं विमान, चार इंजिनं, ११,७०० लिटर. आता माणूस नाही आणि परतही यायचं नाही. शीटमधला तो ‘परतीचा प्रवास’ पर्याय इथे कायमचा बंद आहे. मात्र वाहून नेलेली स्फोटकं काही दहा किलोंच्या मापात. त्यामुळे कुठे मारायचं हा प्रश्न १९४३ पेक्षाही नाजूक झाला आहे. टाकीवर वाया घालवण्याएवढी स्फोटकं त्यात नसतात.

तिसरा कुठलाही प्रसंग घ्यायचा नाही, असं ठरवून वही मिटली.

१६ ऑगस्ट

प्राध्यापक मॅडमना कच्चे तक्ते दाखवले. त्यांची सूचना: माणसांचा रकाना एकच ठेवू नका. बरोबर आहे. आता दोन रकाने, विमानातली आणि जमिनीवरची. दुसरा भरायला अवघड जातो. प्लोएश्तीला एक जळतं विमान स्त्रियांच्या तुरुंगावर कोसळलं, तिथल्या बायका बॉयलर हाऊस नव्हत्या की क्रॅकर नव्हत्या. दुरुस्तीच्या कामावरच्या वेठबिगारांची तर विमानवाल्यांइतकी नीट नोंद कुणी ठेवलेली नाही. जिथे आकडा नाही तिथे चौकट कोरी न सोडता कोण माणसं होती ते शब्दांत लिहायचं, असं ठरलं.

मॅडमचं आणखी एक: मुलांना शेवटी एक काम द्या. दिलं. त्यांच्या माहितीतल्या कुठल्याही मोठ्या प्लान्टचा ढोबळ फ्लो-डायग्राम घ्यायचा आणि उलट बाजूनं विचार करायचा: कोणती तीन ठिकाणं गेली तर तो सगळ्यात जास्त दिवस बंद राहील, आणि त्या प्रत्येकासाठी आज कुठला क्रॉस-ओव्हर टाकून ठेवावा. हल्ला करणाऱ्याच्या खुर्चीत नव्हे, गेर्स्टेनबर्गच्याही नव्हे. मेंटेनन्सच्या खुर्चीत बसून. आग, पूर, वीज जाणं, सगळ्याला तेच उत्तर लागू पडतं.

२३ ऑगस्ट

छपाईला गेलं. चार तक्ते, फ्लेक्स नको, मॅट कागदावर, कारण ट्यूबलाइटखाली फ्लेक्स चमकतो आणि नकाशातल्या बारीक रेषा दिसत नाहीत. बालिकपापनची ओळ अखेर तक्ता तीनवर राहिली: ऑगस्ट १९४३ मध्ये डार्विनहून, जाऊन येऊन सुमारे सतरा तास. काँटाकुझिनोला भाचीनं तक्ता दोनच्या तळाशी जागा केली आहे, विमानाच्या शेपटीत बसलेला कर्नल तिनं स्वतः रेखाटला. शीटची फाइल कॉलेजच्या संगणकांवर जुन्या एक्सेलमध्ये उघडते का ते सोमवारी बघायचं.